सूर्योपासक कावसजी नायगमवाला

सूर्य रोज उगवतो आणि रोज मावळतो. त्याच्या उजेडात शेतकरी नांगर धरतो, विणकर माग चालवितो आणि विद्यार्थी पुस्तक उघडतो. परंतु ज्याच्या प्रकाशात सारे जग दिसते, त्या सूर्याकडे मात्र कोणालाही डोळे भरून पाहता येत नाही. तसे करू जाणारा आपली दृष्टी गमावून बसतो. सूर्याचे रहस्य त्याच्याच तेजाने झाकलेले आहे. हे तेजाचे पडदे बाजूला सारून सूर्याचे अंतरंग जाणून घेण्याचा ध्यास ज्या थोड्या लोकांनी घेतला, त्यांत कावसजी दादाभाई नायगमवाला यांचे नाव आदराने घ्यावे लागते. भारतात राहून, भारतीय विद्यार्थ्यांना हाताशी धरून, सूर्याच्या वातावरणाचा शास्त्रीय पद्धतीने वेध घेणारे ते पहिल्या पिढीतील खगोलशास्त्रज्ञ होत.

कावसजींचा जन्म इ. स. १८५७ मध्ये एका पारशी कुटुंबात झाला. १८६८ साली, म्हणजे ते अवघे दहा-अकरा वर्षांचे असताना, दक्षिण भारतातून एक खग्रास सूर्यग्रहण दिसले. ते ग्रहण विज्ञानाच्या इतिहासात अजरामर झाले आहे. जान्सन नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ त्यासाठी सातासमुद्रापलीकडून गुंटूर येथे आले होते. त्यांनी सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वालांचा प्रकाश काचेच्या लोलकांतून पाहिला आणि त्या ज्वाला तापलेल्या वायूच्या आहेत हे सिद्ध झाले. त्याच वर्षी लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने ग्रहणावाचूनही सूर्याच्या कडेचा असा अभ्यास करता येतो हे दाखवून दिले. त्या प्रकाशात एक पिवळी रेषा आढळली. ती तेव्हा पृथ्वीवर ठाऊक असलेल्या कोणत्याही मूलद्रव्याशी जुळत नव्हती. त्या अनोळखी द्रव्याला हेलियम हे नाव मिळाले आणि पुढे १८९५ साली ते पृथ्वीवरही सापडले. नवे मूलद्रव्य आधी सूर्यावर सापडावे आणि मग पृथ्वीवर, ही केवढी नवलाची गोष्ट! ज्या विद्येने हा चमत्कार घडविला, त्याच विद्येला पुढे कावसजींनी आपले आयुष्य वाहिले.

ती विद्या म्हणजे वर्णपटशास्त्र होय. पावसाळ्यात आकाशात इंद्रधनुष्य पडते, तेव्हा सूर्याचा पांढरा प्रकाश पाण्याच्या थेंबांत शिरून अनेक रंगांत विभागलेला असतो. काचेचा लोलक हेच कार्य करतो. लोलकातून निघालेला रंगांचा पट्टा नीट तपासला, तर त्यात अनेक बारीक काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा निराळ्या असतात. जसा माणूस त्याच्या अंगठ्याच्या ठशावरून ओळखता येतो, तसे मूलद्रव्य त्याच्या रेषांवरून ओळखता येते. त्यामुळे कोट्यवधी मैलांवरील सूर्यात लोह आहे की सोडियम, हे पृथ्वीवर बसून सांगता येऊ लागले.

कावसजींनी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण घेतले आणि १८७८ साली ते एम. ए. झाले. पुढे १८८२ साली त्याच महाविद्यालयात प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी महाविद्यालयाला भेट दिली. वर्णपटाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारता यावी म्हणून महाराजांनी पाच हजार रुपयांची देणगी दिली आणि सरकारने तेवढीच भर घातली. त्या काळी दहा हजार रुपये ही लहानसहान रक्कम नव्हती. तिचा उत्तम विनियोग व्हावा या हेतूने कावसजी १८८४ साली इंग्लंडला गेले. तेथे त्यांनी राजज्योतिषी व लॉकियर यांच्यासारख्या जाणत्यांचा सल्ला घेतला. केवळ प्रयोगशाळा न उभारता ताऱ्यांच्या आणि सूर्याच्या प्रकाशाचे पृथक्करण करणारी वेधशाळाच उभारावी, असा विचार तेथे पक्का झाला.

मुंबईची हवा दमट आणि आकाश धुरकट असे. वेधशाळेला स्वच्छ आकाश हवे, म्हणून पुण्याची निवड झाली. कावसजी १८८५ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. हेच महाविद्यालय पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सर्वत्र प्रसिद्ध झाले. त्याच्या आवारात १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सज्ज झाली. तेथील मोठी दुर्बीण डब्लिन शहरातील ग्रब यांच्या कारखान्यात तयार झाली होती. पुढे तिला वीस इंच व्यासाचा आरसा बसविण्यात आला. कित्येक वर्षे ती भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. दिवसा वर्गात विद्यार्थ्यांना शिकवावे आणि रात्री दुर्बिणीपाशी जागावे, असा कावसजींचा जीवनक्रम सुरू झाला.

या वेधशाळेत कावसजींच्या सत्यनिष्ठेची कसोटी पाहणारा एक प्रसंग आला. मृग नक्षत्रात एक प्रसिद्ध तेजोमेघ आहे. त्याच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. आकाशातील सर्व तारे व तेजोमेघ उल्कांच्या थव्यांपासून बनले आहेत, असे लॉकियर यांचे मत होते आणि ती हिरवी रेषा तापलेल्या मॅग्नेशियमची खूण आहे, असे ते प्रतिपादन करीत. त्यांचे म्हणणे खरे असते, तर त्या रेषेची एक कड अस्पष्ट व पसरट दिसावयास हवी होती. कावसजींनी पुण्याच्या दुर्बिणीतून तिचे बारकाईने निरीक्षण केले. ती रेषा प्रत्येक वेळी रेखीव आणि बारीकच दिसली. लॉकियर हे त्यांचे ज्येष्ठ मार्गदर्शक होते आणि जगभर त्यांचा दबदबा होता. त्यांच्या विरुद्ध जाणारे निरीक्षण दडपून ठेवण्याचा मोह एखाद्या दुबळ्या मनाला झाला असता. कावसजींनी जे दिसले ते १८९१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या पत्रिकेत स्पष्टपणे प्रसिद्ध केले. पुढे १९२७ साली ती रेषा अतिविरळ अवस्थेतील ऑक्सिजनची आहे हे सिद्ध झाले. गुरुजनांविषयी आदर बाळगावा, पण सत्याला त्याहून वरचे स्थान द्यावे, हा शास्त्रज्ञाचा धर्म त्यांनी पाळला.

कावसजींचे मन मात्र सूर्याकडे विशेष ओढ घेत होते. सूर्याचा जो झगझगीत गोल आपल्याला दिसतो, त्याचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस असते. त्याच्यावर काही हजार किलोमीटर जाडीचा तांबूस वायूचा थर आहे. त्याला वर्णगोल म्हणतात. वर्णगोलाच्याही वर दूरवर पसरलेले मोतिया रंगाचे प्रभामंडळ असते. हे दोन्ही थर एरवी दिसत नाहीत. भर दुपारी पणती लावली, तर तिचा उजेड जसा जाणवत नाही, तशी त्यांची गत होते. खग्रास ग्रहणात चंद्र सूर्याचा गोल पूर्णपणे झाकतो, तेव्हाच ते प्रकट होतात. गोल झाकला जाण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी वर्णपटातील काळ्या रेषा एकाएकी रंगीत होऊन चमकून उठतात. हा वर्णगोलाचा स्वतःचा प्रकाश होय. तो एक-दोन सेकंदच दिसतो. तेवढ्या अवधीत त्याचे छायाचित्र घेणे म्हणजे धावत्या हरणाची पापणी लवताना टिपण्यासारखेच अवघड काम!

हे अवघड काम साधण्यासाठी कावसजी १८९६ साली हजारो मैलांचा प्रवास करून नॉर्वेच्या उत्तर टोकाकडील व्हाड्सो या गावी गेले. ९ ऑगस्टला तेथे खग्रास ग्रहण लागणार होते. महिनोन्‌महिने तयारी झाली होती. परंतु ऐन वेळी आकाश ढगांनी भरून गेले. चंद्राने सूर्य झाकला, भोवताली अंधार दाटला आणि पुन्हा उजाडले. ढगांआड काय घडले ते कोणालाच दिसले नाही. सारा खर्च, सारे श्रम आणि सारा प्रवास वाया गेला. ज्याला केवळ यशाची हाव असते, तो अशा प्रसंगी काम सोडून देतो. कावसजींनी परत येऊन पुढच्या ग्रहणाची तयारी आरंभिली.

ते ग्रहण २२ जानेवारी १८९८ रोजी होते आणि चंद्राची छाया या वेळी महाराष्ट्रावरूनच सरकणार होती. कोकणच्या किनाऱ्यावर विजयदुर्गाजवळ ती प्रथम भूमीवर येणार होती. तेथून घाट ओलांडून, सोलापूर जिल्हा, वऱ्हाड आणि नागपूरकडील प्रदेश पार करून ती ईशान्येकडे जाणार होती. विजयदुर्गावर स्वतः लॉकियर येऊन राहिले. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथेही इंग्रज निरीक्षकांनी तळ दिला. कावसजींनी करमाळा तालुक्यातील जेऊर हे रेल्वेमार्गावरील गाव निवडले. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल आणि जपानमधील शास्त्रज्ञही जेऊर येथे उतरले होते. एरवी शांत असलेल्या त्या माळरानावर तंबू, दुर्बिणी आणि लांबलचक कॅमेरे यांची जणू जत्राच भरली.

तो काळ मोठा कठीण होता. मुंबई आणि पुणे या शहरांत प्लेगच्या साथीने हाहाकार उडविला होता. घरेदारे ओस पडली होती आणि प्रवासावर निर्बंध होते. अशा दिवसांत नाजूक उपकरणे पुण्याहून जेऊरला न्यावयाची, ती माळावर उभी करावयाची आणि साहाय्यकांना शिकवून तयार करावयाचे, हे सोपे नव्हते. ग्रहणकार्यात प्रत्येकाला आपले काम डोळे मिटूनही करता आले पाहिजे. कोणी सेकंद मोजावयाचे, कोणी कॅमेऱ्याचे झाकण उघडावयाचे, कोणी काचेची पट्टी बदलावयाची. एकाचा हात चुकला तर सर्वांचे श्रम व्यर्थ जाणार. खग्रास अवस्था टिकणार होती सुमारे दोन मिनिटे, आणि ती संधी हुकली तर पुन्हा कुठल्या तरी दूर देशी, कित्येक वर्षांनी!

२२ जानेवारीला आकाश निरभ्र होते. दुपारी सूर्याच्या कडेवर चंद्राचा काळा घास दिसू लागला. ऊन हळूहळू फिके पडले, वारा गार झाला, सावल्या चमत्कारिक दिसू लागल्या. मग एका क्षणी दिवसाची संध्याकाळ झाली आणि काळ्या चंद्राभोवती मोतिया प्रभामंडळ उमलले. भोवतालचे लोक थक्क होऊन वर पाहत होते, तेव्हा कावसजींच्या तुकडीचे लक्ष आपल्या उपकरणांवर खिळलेले होते. वर्णगोलाच्या चमकत्या रेषांची आणि प्रभामंडळाच्या वर्णपटाची छायाचित्रे घेण्यात आली. दोन मिनिटे संपली. नॉर्वेत जे हिरावले गेले होते, ते जेऊरच्या माळावर हाती आले. त्याच दुपारी चंद्राची छाया विदर्भावरून पुढे सरकत गेली आणि नागपूरजवळच्या कुहीच्या परिसरातही सूर्य जवळजवळ संपूर्ण झाकला गेला. या सर्व निरीक्षणांचा तपशीलवार अहवाल कावसजींनी १९०२ साली प्रसिद्ध केला.

ज्या वर्णगोलाचा प्रकाश कावसजींनी टिपला, तो थर दुरून शांत भासतो. प्रत्यक्षात तो क्षणभरही स्वस्थ नसतो. रोम येथील सेक्की नावाच्या धर्मगुरू-शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात सूर्याची कड दुर्बिणीतून न्याहाळली, तेव्हा त्याला ती पेटलेल्या गवताच्या कुरणासारखी दिसली. गव्हाच्या ओंबीवर जशी कुसळे असतात, तशी असंख्य बारीक ज्वालेसारखी कारंजी तेथे सतत उसळत असतात. ही कारंजी प्लाझ्माची असतात. वायू अतिशय तापला की त्याच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात. अशा वायूला प्लाझ्मा म्हणतात. एकेक कारंजे पाच ते दहा हजार किलोमीटर उंच जाते, म्हणजे आपली पृथ्वी त्याच्याशेजारी ठेवली तर ती फारशी मोठी दिसणार नाही. त्याचा वेग सेकंदाला वीस ते शंभर किलोमीटर असतो आणि पाच-दहा मिनिटांत ते विरून जाते. त्याच्या जागी लगेच दुसरे उठते.

सूर्याची गुरुत्वाकर्षणशक्ती पृथ्वीच्या अठ्ठावीस पट आहे. तिला न जुमानता एवढा प्लाझ्मा वर कोण फेकतो, हे कोडे कावसजींच्या काळी सुटलेले नव्हते. त्याचा उलगडा होण्यास पुष्कळ वर्षे लागली. चुलीवर पिठले रटरटू लागले की खालचे तापलेले पीठ वर येते आणि वरचे खाली जाते. सूर्याच्या दृश्य गोलाखालीही वायू असाच खदखदत असतो. त्या खळबळीमुळे सूर्याचा पृष्ठभाग सुमारे पाच मिनिटांच्या तालाने वरखाली होतो. हे स्पंदन लेटन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० च्या सुमारास शोधून काढले. या स्पंदनातून निघालेले तरंग चुंबकीय बलरेषांच्या वाटेने वर चढतात. विशेषतः या बलरेषा तिरप्या झुकलेल्या असतील, तर त्यांना वर जाण्यास वाट सापडते.

वर जाताना मात्र या तरंगांचे रूप पालटते. बैलगाडीचा गाडीवान आसूड उडवितो तेव्हा त्याचा हात थोडाच हलतो. आसूड मुठीपाशी जाड आणि टोकाला बारीक असतो. हाताची हालचाल टोकाकडे जाता जाता इतकी वेगवान होते की टोक ध्वनीपेक्षाही जलद फिरते आणि फट्‌ असा आवाज होतो. कुहीच्या बाजाराच्या वाटेवर ऐकू येणारा हा आवाज म्हणजे हवेतील एक लहानसा आघाततरंगच होय. सूर्याचे वातावरणही खाली दाट आणि वर झपाट्याने विरळ होत जाते. खालच्या दाट वायूतील हलकासा तरंग विरळ वायूत पोचताच जोरकस होतो, त्याची पुढची बाजू उभ्या भिंतीसारखी होते आणि त्याचा आघाततरंग बनतो. तो प्लाझ्माला खालून जबर धक्का देतो. त्या धक्क्याने कारंजे वर उडते, आणि वर फेकलेला दगड जसा मंदावत जाऊन खाली येतो, तसे ते पुष्कळदा पुन्हा खाली येते. सर्वच कारंजी अशी नसतात. काही फार वेगवान असतात आणि ती वरच विरून जातात. त्यांच्या मुळाशी चुंबकीय शक्तीची आणखीही कार्ये असावीत, असे शास्त्रज्ञ मानतात. प्रभामंडळाचे तापमान दहा लाख अंशांहून अधिक कसे होते, या थोर प्रश्नाशीही या कारंज्यांचा संबंध जोडला जातो.

पुण्याची वेधशाळा कावसजींनी एकट्याच्या बळावर उभी केली आणि चालविली. १९१२ साली ते निवृत्त झाले, तेव्हा तिची धुरा वाहणारा दुसरा कोणी पुढे आला नाही. वेधशाळा बंद करण्यात आली आणि तिची उपकरणे दक्षिणेकडील कोडाईकनालच्या सौर वेधशाळेकडे पाठविण्यात आली. चोवीस वर्षे ज्या घुमटाखाली रात्री जागविल्या, तो घुमट रिकामा झालेला पाहणे त्यांच्या नशिबी आले. एखादी संस्था केवळ एका माणसाच्या खांद्यावर उभी असली म्हणजे तो माणूस दूर होताच ती कोसळते, हा धडा या घटनेतून घेण्यासारखा आहे. यानंतर कावसजींना दीर्घ आयुष्य लाभले. १९३८ साली त्यांचे निधन झाले.

परंतु ज्ञानाचे बी वाया जात नाही. ज्या कोडाईकनालला पुण्याची उपकरणे गेली, तेथील वेधशाळेतूनच पुढे भारतीय खगोलभौतिकी संस्था विकसित झाली. तिचे मुख्य ठाणे बंगळूर येथे आहे. २०२२ साली याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह सूर्यावरील कारंज्यांविषयी एक मनोरंजक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी तंतुमय रेणू असलेला द्रव ध्वनिक्षेपकावर ठेवला आणि ध्वनिक्षेपक जोराने हादरविला. द्रवातून सूर्यावरील कारंज्यांसारखीच बारीक कारंजी उसळली. लांब रेणूंमुळे ती तुटून थेंबांत विखुरली नाहीत. सूर्यावर हेच कार्य चुंबकीय बलरेषा करतात. खालून बसणारे हादरे आणि वर धरून ठेवणाऱ्या बलरेषा यांच्या संयोगाने कारंज्यांचे रान उभे राहते, हे संगणकावरील गणितानेही दिसून आले.

२ सप्टेंबर २०२३ रोजी भारताने आदित्य एल-१ हे यान सूर्याच्या अभ्यासासाठी सोडले. पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटर अंतरावर ते ६ जानेवारी २०२४ रोजी पोचले. त्यातील एक उपकरण सूर्याचा गोल तबकडीने झाकून कृत्रिम ग्रहण घडविते आणि प्रभामंडळाचा वेध घेते. ते बंगळूरच्या त्याच संस्थेने घडविले आहे. दुसरी एक दुर्बीण अतिनील किरणांत वर्णगोलाची चित्रे घेते. ती पुण्याच्या आयुका या संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली आहे. वर्णगोल पाहण्यासाठी कावसजींना नॉर्वेच्या ढगांखाली उभे राहावे लागले आणि जेऊरच्या माळावर अवघी दोन मिनिटे मिळाली. त्याच पुण्यात घडलेल्या डोळ्यांना आता तो दिवसानुदिवस पाहता येतो. ज्यांनी पहिली पायवाट पाडली, त्यांची आठवण या राजमार्गावरून चालणाऱ्यांनी ठेवावी, यातच कृतज्ञता आहे.